आपत्तीत रुग्णालयासाठी हॅम रेडिओ: सोलापूरच्या स्वयंसेवकांनी तयारी कशी करावी

आपत्ती म्हटली की सोलापूरकराला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि उजाडल्यापासून जखमींना घेऊन गाड्या लातूर-सोलापूरच्या रुग्णालयांकडे निघाल्या. त्यानंतरच्या पिढीच्या लक्षात राहिलं ते पाणी: ऑक्टोबर २०२० चा पाऊस, उजनीतून विसर्ग वाढला की पंढरपुरात चढणारी चंद्रभागा, सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरानं लांबोटीजवळ बंद पडलेला पुणे महामार्ग. त्यामुळे हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओ चालवणारी मंडळी, एकत्र बसली की गप्पा पूर-भूकंपावरच येतात.

रुग्णालयात मात्र जास्त वेळा घडणारी गोष्ट याहून साधी असते. रस्ता खोदताना जेसीबीनं केबल तोडली, जिन्याखालच्या खोलीत पाणी शिरून टेलिफोन एक्स्चेंज बसलं, यूपीएस गेला आणि इंटरकॉम मुका झाला. बाहेर शहर नेहमीसारखं चालू. आत कॅज्युअल्टीतून ऑपरेशन थिएटरला निरोप द्यायला वॉर्डबॉयला जिने चढावे लागतात. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत १९८० पासून हॅम स्वयंसेवकांचा एक गट केवळ रुग्णालयांसाठी काम करत आला आहे. त्यांच्याकडे आलेल्या हाकांमध्येही अशा टेलिफोन बिघाडांचा वाटा मोठा होता.

पुढे रेडिओपेक्षा कागदाबद्दल जास्त लिहिलं आहे, ते मुद्दाम. तुमच्या रिगचं, म्हणजे रेडिओ सेटचं, मॉडेल कोणतं, हे डॉक्टरांना जाणून घ्यायचं नसतं. मागितलेलं रक्त समोरच्याला नीट कळलं का आणि कधी येतंय, एवढंच त्यांना हवं असतं.

आधी परवाना, मग पत्र

हौशी रेडिओचा परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन आणि समन्वय) शाखा देते. वय १२ पूर्ण हवं. श्रेणी दोन: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्स (टिंब-रेघांची संदेशलिपी) यावं लागतं, रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा. परीक्षेत थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि बरेचसे नियम असतात. बारावी शास्त्र झालेल्याला अवघड नाही, न झालेल्याला दोन-तीन महिने नेटानं बसावं लागतं. पोलिस पडताळणीत वेळ जातो. मृगाचं नक्षत्र लागल्यावर जागं होऊन त्या पावसाळ्यात काही हाती लागणार नाही.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारी हँडी, म्हणजे हातात धरायचा छोटा सेट, घेऊन परवान्याशिवाय ‘सेवा’ करायला निघणारे काही उत्साही भेटतात. हा गुन्हा आहे. शिवाय चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर बटण दाबलं तर दुसऱ्या कुणाचा तरी तातडीचा निरोप तुम्ही झाकता.

आता खरी मेख. हौशी सेवेत एरवी तिऱ्हाइताचे निरोप नेता येत नाहीत. नेहमीची दळणवळण यंत्रणा आपत्तीत कोलमडली तर मुभा मिळते, पण ती सक्षम सरकारी अधिकाऱ्यांच्या कामाशी बांधलेली असते. म्हणून पहिली फेरी रुग्णालयात मारू नका, जिल्हाधिकारी कार्यालयात मारा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. तिथल्या आपत्ती कक्षाला अर्ज द्या: आमच्या गटात इतके परवानाधारक आहेत, त्यांचे कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळालेली हवेतली ओळख) असे, प्रशासनानं बोलावल्यास आम्ही अमुक रुग्णालयांत स्टेशन उभं करू. उत्तर लेखी घ्या. प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि महापालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांना द्या. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: तुम्हाला कोण बोलावणार, निरोपावर सही करण्याचा अधिकार कुणाकुणाला, आणि परवान्यावरच्या पत्त्याऐवजी रुग्णालयातून स्टेशन चालवायला कुणाची संमती लागेल. तोंडी ‘या हो, तुमचंच आहे’ यावर विसंबू नका. साहेबांची बदली झाली की ते वाक्यही त्यांच्याबरोबर जातं.

नुसता आतला फोन बंद पडला तर ही मुभा आपोआप लागू होते असं धरू नका. अशा वेळेसाठी रुग्णालयाला वेगळा सल्ला द्या. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे, मंजुरी असलेले कमी ताकदीचे वॉकी-टॉकी भारतात परवान्याशिवाय वापरता येतात. कॅज्युअल्टी, थिएटर, रक्तपेढी, जनरेटर आणि मुख्य दार इथे प्रत्येकी एक सेट ठेवला तर आतला प्रश्न रुग्णालयाच्या हातातच सुटतो. सेट घेताना खोक्यावरची मंजुरी तपासायला लावा. स्वस्तातले बरेच सेट भलत्याच फ्रिक्वेन्सीवर चालतात. हॅमचं काम तिथून पुढचं: रुग्णालयातून बाहेरच्या जगापर्यंत.

पाहणी: माणसं आणि चाव्या

सोलापुरात सरकारी बाजूला छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. सहकारी आणि खासगी रुग्णालयं शहरभर पसरलेली आहेत, कुंभारीकडेही वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. सगळीकडे एकदम हात घालू नका. आधी एक रुग्णालय धरा आणि ते पक्कं करा.

अधीक्षकांची भेट आवश्यक असतेच, पण तेवढ्यावर उठू नका. आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), मेट्रन (नर्सेसच्या प्रमुख), सुरक्षा पर्यवेक्षक आणि इलेक्ट्रिशियन या चौघांना भेटा. त्यातही इलेक्ट्रिशियनला आधी चहा पाजा. कोणते सॉकेट जनरेटरवर आहेत, चेंजओव्हरला किती सेकंद जातात, डिझेल किती तास पुरतं, केबल टाकायला कुठली डक्ट मोकळी आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. सुरक्षा पर्यवेक्षकाकडे गच्चीची चावी असते. रात्री दोन वाजता ती कुणाकडे असेल, हे विचारून वहीत लिहा. सगळी तयारी असूनही गच्चीच्या कुलपाशी अडकलेलं स्टेशन म्हणजे शोभेची वस्तू.

मग वही घेऊन इमारत फिरा. रेडिओची जागा निवडताना कॅज्युअल्टीच्या जवळ पण कॅज्युअल्टीत नव्हे, असा कोपरा बघा. नातेवाइकांच्या गर्दीत माइकवर काही ऐकू येत नाही आणि तुमच्या तोंडचं सगळ्यांना ऐकू जातं. एक टेबल, दोन खुर्च्या, दार बंद होईल अशी खोली, खिडकीतून केबल बाहेर काढायची सोय, एवढं मिळालं तरी चांदी. तळमजला असेल तर पाणी कुठपर्यंत येतं ते जुन्या कर्मचाऱ्यांना विचारा. भिंतीवरची रेघ ते बोटानं दाखवतात.

पाहणीतच ठरवायची दुसरी गोष्ट म्हणजे कुठे ट्रान्समिट करायचं नाही. व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, मॉनिटर यांच्यावर जवळच्या रेडिओ लहरींचा परिणाम होऊ शकतो. वैद्यकीय उपकरणांच्या मानकांत सुरक्षित अंतरासाठी वापरला जाणारा एक अंदाज असा: वॅटचं वर्गमूळ गुणिले १.२ मीटर. म्हणजे ५ वॅटच्या हँडीला सुमारे पावणेतीन मीटर, ५० वॅटला साडेआठ. हा हिशेब कमीत कमी अंतराचा आहे, मोकळीक म्हणून वापरायचा नाही. माझा नियम सोपा: आयसीयू, थिएटर, नवजात शिशू कक्ष आणि डायलिसिसमध्ये हँडी बंद करूनच जायचं. एमआरआयच्या खोलीत तर कुठलीही धातूची वस्तू नेऊ नये. ऑक्सिजनच्या टाकीजवळ आणि सिलिंडर जोडलेल्या मॅनिफोल्ड रूममध्ये बॅटरी जोडण्या-काढण्याचे उद्योग करू नयेत, ठिणगी उडायला क्षण लागतो. जास्त ताकदीचा सेट असेल तर त्याचा अँटेना गच्चीवरच.

किती लांब पोचतं?

दोन मीटर बँडवर, म्हणजे आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर, लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१ नं गुणा; आलं ते क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये. २० मीटर उंच गच्चीला साधारण १८ किलोमीटर. समोरचाही तेवढ्याच उंचीवर असेल तर दोन्हींची बेरीज, ३६-३७. सोलापूरचा सपाट माळ इथे कामाला येतो, मध्ये डोंगर नाही. शहरातली सगळी रुग्णालयं आणि कुंभारी आरामात. अक्कलकोट काठावर: कधी लागेल, कधी नाही. पंढरपूर सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आसपास, ते थेट लागणार नाही.

पंढरपुरासाठी दोन वाटा आहेत. एक, मोहोळला उंच जागी एक ऑपरेटर बसवायचा आणि त्यानं निरोप इकडून तिकडे वाचून द्यायचा. दोन्ही बाजूंचं अंतर साधारण सारखंच पडतं. यात वेळ दुप्पट जातो, पण कुठल्याही रिपीटरच्या, म्हणजे निरोप घेऊन लगेच पुढे सोडणाऱ्या उंचावरच्या यंत्राच्या, भरवशावर राहावं लागत नाही. पूर आला की रिपीटरची वीजही मोबाइल टॉवरसारखीच जाऊ शकते, म्हणून सराव सिम्प्लेक्सवर, म्हणजे एका सेटवरून थेट दुसऱ्यावर, करा. रिपीटर मिळाला तर बोनस.

दुसरी वाट एचएफची, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लघुलहरींची. सात मेगाहर्ट्झचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली आडवी तार) मुद्दाम खाली, तीन ते पाच मीटरवर बांधला की लहर जवळपास सरळ वर जाते आणि वातावरणाच्या आयनोस्फिअर या वरच्या थरावरून परतून आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरांत उतरते. पंढरपूर, लातूर, पुणे सगळं त्यात आलं. दिवसा सात मेगाहर्ट्झ, अंधार पडला की साडेतीनकडे वळायचं. लांबी काढायला १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा: ७.१ साठी एकूण २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला दहा मीटरला थोडं वर. तार थोडी लांबच कापा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते त्याचं माप) बघत छाटत या. उंच अँटेना चांगला, हे वाक्य हॅमच्या डोक्यात इतकं पक्कं असतं की तार इतकी खाली बांधताना मन धजत नाही. बांधा. आशिया-पॅसिफिक विभागात आपत्तीच्या वेळी ज्यांच्या आसपास कान ठेवायचा, त्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सींपैकी ३.६००, ७.११० आणि १४.३०० मेगाहर्ट्झ मेमरीत घालून ठेवा.

अँटेना आणि केबल आधीच लावून ठेवा

पावसात, अंधारात गच्चीवर पाइप उभा करायची वेळ येऊ देऊ नका. रुग्णालयाच्या परवानगीनं एक साधा ग्राउंड प्लेन अँटेना (मधली उभी काडी आणि खाली तिरक्या काड्या) कायमचा लावून ठेवा. १४५ मेगाहर्ट्झसाठी मधली काडी ४९ सेंटिमीटर, खाली चार रेडियल ५१-५२ सेंटिमीटरचे, ४५ अंशांत झुकवलेले. अॅल्युमिनियमची काडी किंवा जाड तांब्याची तार, एक सॉकेट आणि पीव्हीसी पाइप. घरी बसून होतं. पाइप आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या खांबाच्या पायाशी किंवा त्याच्या पट्टीला चिकटून बांधू नका. उन्हाळ्याअखेर वळीव कडाडू लागला की कोअॅक्स, म्हणजे अँटेनाची केबल, सेटपासून काढून ठेवायची सवय लावा.

पैसे वाचवायचे तर सेटमध्ये वाचवा, केबलमध्ये नको. आरजी-५८ या बारीक केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्झला ३० मीटरमध्ये साधारण सहा डेसिबल जातात, म्हणजे चार वॅटमधले तीन वॅट गच्चीपर्यंत पोचतच नाहीत. तेवढीच आरजी-२१३ घेतली तर अडीच डेसिबलच्या आसपास. सोलापूरच्या ऊन्हात केबलचं बाहेरचं आवरण तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरतं. त्यामुळे जोडावर सेल्फ-अमालगमेटिंग टेप, त्यावर साधी टेप, आणि खाली यायच्या आधी केबलला एक लोंबता झोल, म्हणजे पाणी तिथेच गळून पडतं. दर मे महिन्यात एसडब्ल्यूआर मोजा आणि आकडा सेटवरच चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी आकडा वेगळा आला तर काहीतरी बिघडलं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

वीज

जनरेटर आहे म्हणून रुग्णालयाच्या विजेवर राहू नका. तुमचं स्टेशन बॅटरीवर चालावं आणि रुग्णालयाची वीज फक्त चार्जिंगला.

हिशेब कागदावर करा. ५० वॅटची मोबाइल रिग पूर्ण ताकदीवर दहा अँपिअरच्या वर ओढते, १० वॅटवर साधारण चार, नुसती ऐकताना अर्धा. वेळातला पाचवा हिस्सा १० वॅटवर बोलण्यात गेला असं धरा: ०.८ अधिक ०.४, सरासरी १.२ अँपिअर. चोवीस तासांना २९ अँपिअर-तास. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे ६५ ते ७५ अँपिअर-तासाची एक बॅटरी एक दिवस रेटते. तिच्यावरच ५० वॅटनं बोलत राहिलात तर ऐन वेळी हात टेकाल. शहरातल्या शहरात ५ ते १० वॅट पुरतात. मोठी ताकद अक्कलकोटसाठी राखून ठेवा.

आपल्याकडे बॅटरीचा खरा शत्रू एप्रिल-मे. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-अॅसिडचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी पावसाळ्यापर्यंत मेलेली असते, आणि ते कळतं पुराच्या रात्री. तळमजल्यावरच्या सावलीत ठेवा, महिन्याला एकदा लोड लावून बघा. हँडीसाठी जास्तीची बॅटरी आणि साध्या एए सेलवर चालणारा रिकामा पॅक असेल तर उत्तम. एए सेल गावोगाव मिळतात.

निरोपाचा कागद

नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात कार्बनची वही मिळते. ती घ्या आणि प्रत्येक पानावर हे रकाने छापून किंवा शिक्का मारून ठेवा: निरोप क्रमांक, निकड, तारीख, लिहिल्याची वेळ, कुणाकडून (नाव नव्हे, हुद्दा), कुणाला, मजकूर, सही, पाठवल्याची वेळ, कुणी घेतला. वेळ नेहमी चोवीस तासांच्या घड्याळाची.

निकडीला रंग देऊ नका. लाल-पिवळा-हिरवा हे रंग रुग्णालयात जखमींच्या वर्गवारीला लागलेले असतात. लाल निरोप म्हटल्यावर लाल पेशंट समजला जाईल. ‘तातडीचा, प्राधान्याचा, साधा’ एवढे तीन पुरेत. जीव जाण्या-राहण्याचा प्रश्न असेल तरच तातडीचा. पहिल्या तासात सगळेच तातडीचं म्हणतात. तेव्हा सही करणाऱ्यालाच विचारा, यातला आधी कुठला पाठवू?

मजकूर पाठवणाऱ्यानं स्वतः लिहावा. डॉक्टर धावत येऊन तोंडी सांगत असतील तर तुम्ही लिहा, त्यांना वाचून दाखवा, सही घ्या, मगच माइक उचला. यात अर्धं मिनिट जातं आणि ते द्यावंच लागतं. शब्द सुधारायचे नाहीत, थोडक्यात सांगायचं नाही, अर्थ लावायचा नाही. ‘डोपामिन’ आणि ‘डोब्युटामिन’ ही दोन वेगळी औषधं आहेत, ‘मायक्रोग्रॅम’ आणि ‘मिलिग्रॅम’ मध्ये हजारपटींचा फरक आहे. औषधाचं नाव इंग्रजी अक्षरं फोडून सांगा, डोसही पूर्ण शब्दांत. आकडे सुटे वाचा: एकोणसत्तर आणि एकोणऐंशी खरखरीत सारखेच ऐकू येतात, ‘सहा-नऊ’ आणि ‘सात-नऊ’ येत नाहीत.

हवेत ते असं चालतं (‘सिव्हिल’ म्हणजे रुग्णालयातलं स्टेशन, ‘कंट्रोल’ म्हणजे आपत्ती कक्षातलं; ‘ऑस्कर’ हा ‘ओ’ अक्षरासाठी रेडिओवरचा ठरलेला शब्द):

‘कंट्रोल, सिव्हिल. तातडीचा एक निरोप.’
‘सिव्हिल, कंट्रोल. कागद समोर आहे, द्या.’
‘निरोप क्रमांक सात. वेळ एक-चार-तीन-पाच. रक्तपेढीला, कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसरकडून. मजकूर. पॅक्ड सेल, ओ निगेटिव्ह, ऑस्कर निगेटिव्ह, पिशव्या चार, आकडा चार. कॅज्युअल्टीच्या मागच्या दारानं आणाव्यात. पुढचं दार बंद. मजकूर संपला.’
‘वाचतो. क्रमांक सात, एक-चार-तीन-पाच. पॅक्ड सेल, ओ निगेटिव्ह, ऑस्कर, पिशव्या चार. मागच्या दारानं, पुढचं बंद. बरोबर?’
‘बरोबर. पोचायला किती वेळ, ते विचारून कळवा.’

यानंतर दोघांनीही आपापले कॉलसाइन सांगायचे. ‘सिव्हिल’, ‘कंट्रोल’ ही कामाची नावं सोय म्हणून आहेत, कायद्यानं ओळख कॉलसाइनचीच. शेवटचा प्रश्न लक्षात घ्या. उत्तर आणणं हेही तुमचंच काम. रक्त मागितलं आणि पुढे काही कळलं नाही, तर डॉक्टर पुढच्या वेळी तुमच्याकडे येणार नाहीत, पळत माणूस पाठवतील.

डॉक्टरांच्या किंवा नगरसेवकांच्या हातात माइक द्यायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी. परवाना तुमचा आहे.

नाव घ्यायचं नाही

हौशी रेडिओत सांकेतिक किंवा गुप्त भाषा वापरायला मनाई आहे आणि कुणीही ऐकू शकतो. मग रुग्णाची गोपनीयता कशी राखायची? नाव, गाव, आजार एकत्र बोलायचे नाहीत. केसपेपरचा नोंदणी क्रमांक आणि खाट क्रमांक पुरतो. मृतांचे आकडे हवेत उच्चारू नका. असा कागद बंद पाकिटात, माणसाच्या हाती, आपत्ती कक्षाकडे. ‘माझा भाऊ तिथे आहे का बघा’ म्हणत नातेवाईक टेबलाशी येतील. त्यांना हाकलून देऊ नका आणि हवेत शोधही घेऊ नका. मदत कक्षाकडे न्या. लांबलचक यादी असेल, औषधांची किंवा खाटांची, तर ती लॅपटॉप जोडून डिजिटल मोडनं पाठवणं बरं. चुका कमी होतात. उघडी मात्र तीही असते.

नेट चालवणं

नेट म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर जोडलेली सगळी स्टेशनं. एकाच वेळी सगळे बोलले तर कुणाचंच ऐकू येत नाही, म्हणून नेट कंट्रोल एकच. त्याची जागा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात, म्हणजे १०७७ चे फोन येतात तिथे. रुग्णवाहिकांची १०८ ची यंत्रणा वेगळी चालते. तिच्याशी समन्वय कक्षातूनच होऊ द्या, परस्पर रुग्णवाहिका वळवू नका.

कंट्रोलवर आवाज शांत असलेला माणूस बसवा. सगळ्यात जुना हॅम बसवायची प्रथा मला पटत नाही. ज्याला स्वतः कमी बोलता येतं, त्याला बसवा. दर तासाला तो प्रत्येक स्टेशनला हाक मारतो आणि चार गोष्टी विचारतो: खाटा किती मोकळ्या, ऑक्सिजन किती तासांचा, डिझेल किती तासांचं, रस्ता चालू का. ही उत्तरं मेट्रन आणि आरएमओ यांच्याकडून आलेली असावीत, तुम्ही वॉर्डात डोकावून मोजलेली नव्हेत.

आपल्या गटात घरी तेलुगू बोलणारे असतात, कन्नड बोलणारे असतात, उर्दू बोलणारे असतात. नेटवर मराठी आणि वैद्यकीय शब्द इंग्रजी, हे आधी ठरवून टाका. मात्र रुग्णालयाच्या दारात ही भाषांची पुंजी फार उपयोगी पडते. पद्मशाली वस्तीतली आजी घाबरून तेलुगूतच बोलायला लागली की ते कळणारा माणूस कुठे बसलाय, हे मेट्रनला माहीत असू द्या.

प्रत्येक स्टेशनला दोन माणसं. एक माइकवर, एक कागदावर, तासाभरानं अदलाबदल. चार तासांनंतर जोडी बदला. पाचव्या तासाला माणूस ‘बरोबर’ म्हणतो आणि ऐकलेलं काहीच नसतं. पिशवीत रेडिओच्या सामानाबरोबर स्वतःची औषधं, पाणी, टॉर्च, रेनकोट, ओळखपत्र, पत्राची प्रत, पेन्सिल (बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही) आणि कडक भाकरी-शेंगाचटणी. दोन दिवस टिकते आणि रुग्णालयाच्या कँटीनवर भार पडत नाही. घरच्यांची सोय लावल्याशिवाय घराबाहेर पडू नका. ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याला बोलावूही नका.

स्ट्रेचर उचलू नका, फोटो काढू नका, वार्ताहरांना माहिती देऊ नका. हात रिकामे दिसले की कुणीतरी काम सांगतंच; टेबल सोडायचं नाही.

सराव

२००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट घातलं गेलं की हौशी केंद्रांना आपत्तीची तयारी करू देण्यासाठी देशांनी पावलं उचलावीत. तेव्हा सरावाला आधार आहे, पण सरावात खरे तिऱ्हाईत निरोप न्यायचे नाहीत. प्रत्येक निरोपाच्या आधी आणि शेवटी ‘सराव, सराव’ म्हणायचं, म्हणजे ऐकणारा कुणी घाबरून धावणार नाही.

सोलापुरात सरावाला गड्ड्याच्या यात्रेइतकी चांगली संधी नाही. संक्रांतीच्या दिवसांत सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते, अक्षता सोहळ्याला आणि शोभेच्या दारूकामाला अफाट गर्दी लोटते. मोबाइल नेटवर्क गुदमरतं, आवाज कानठळ्या बसवणारा, माणसाला रस्ता सापडत नाही. पोलिस आणि प्रशासनाची परवानगी घेऊन मार्गावर तीन-चार हँडी, एक स्टेशन रुग्णालयात, एक कंट्रोल, असं मांडा. हलग्यांच्या आवाजात निरोप घेता आला तर कॅज्युअल्टीच्या गोंगाटात नक्की घेता येईल. हेडफोन लागतो हे तिथे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. आषाढीला पंढरपूर हा पुढचा टप्पा. तिथे मोहोळची कडी आणि खाली बांधलेला डायपोल दोन्ही तपासून होतात.

वर्षातून एकदा तरी न सांगता सराव करा. रात्री अकराला कंट्रोलनं हाक द्यायची आणि घड्याळ लावायचं: कोण किती वेळात हवेत आला, गच्चीची चावी किती वेळात मिळाली, पहिला कागद सहीसह किती वेळात निघाला. यातला तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात वाईट येणारा. तो सुधारायला रेडिओ लागत नाही. मेट्रनच्या बैठकीत दहा मिनिटं मागून नर्सेसना तो कागद एकदा भरायला लावला की पुरे. नवीन बॅच आली की पुन्हा.

काम संपल्यावर

स्टेशन बंद करायचं ते कंट्रोलनं सांगितल्यावर, स्वतःच्या अंदाजानं नव्हे. बंद करण्याआधी हातातला प्रत्येक कागद तपासा: पाठवल्याची वेळ आहे, उत्तराची वेळ आहे? अर्धवट राहिलेला निरोप रुग्णालयाच्या ड्यूटी ऑफिसरला दाखवून त्यांच्या सहीनं रद्द करा. मूळ प्रती रुग्णालयाला, कार्बन प्रती आपत्ती कक्षाला, लॉगबुक तुमच्याकडे. घरी एकही निरोपाचा कागद नेऊ नका, मोबाइलमध्ये त्याचा फोटोही ठेवू नका. बॅटरी त्याच दिवशी पूर्ण चार्ज करा, वापरलेली टेप आणि फ्यूज यांची यादी करून आठवड्याच्या आत भरा, आणि इलेक्ट्रिशियनला सांगून या की केबल कुठे ताणली गेली.